सामना संपेपर्यंत उभी

दाभोळच्या धक्क्यावरून आगबोटीवर नेणारा पडाव सुटला तेव्हा आमा रडली नाही. ती पाण्याच्या कडेला उभी होती, पदर दातात धरून, आणि तिची नजर माझ्याकडे नव्हती, माझ्या मांडीवरच्या जैबूकडे होती. जैबू तेव्हा दीड वर्षाची. आगबोट खाडीच्या तोंडाशी धूर सोडत थांबली होती. पडाव तिच्या अंगाला लागला की बोटीच्या पोटातल्या दारातून आत चढायचं, असं दिराने मला दोनदा सांगितलं होतं. मधल्या पाण्यात पाय गेला तर काय, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची लाज वाटली.

हलीमा, तू, आमाची धाकटी लेक आणि माझी बहीण, तिच्या मागे होतीस. आठ वर्षांची. तुला ते किती आठवतं मला माहीत नाही. तू हात हलवत होतीस आणि हसत होतीस, कारण तुला वाटत होतं मी मुंबईला जाऊन ईदपर्यंत परत येणार. तुला खरं सांगायचं काम कुणी केलंच नव्हतं.

निघताना आमा म्हणाली, "परक्या मुलखात जातंस. कुणाच्या तोंडाला तोंड देव नको. सांगतील तसा कर."

आपल्या बावांनी एवढंच म्हटलं, "पोरीला नजरेआड करू नको."

दोघांचंही बोलणं मी नीट ध्यानात ठेवलं. ही दोन वाक्यं एक दिवस एकमेकांच्या आड येतील असं तेव्हा कसं वाटणार? तो दिवस मी तुला कधी सांगितला नाही. आमाला तर नाहीच. पत्रात आम्ही सगळे खुशाल असायचो. हेही तुला पाठवीन की नाही ठाऊक नाही. नातवाच्या जुन्या वहीत लिहिते आहे. चौथीपर्यंतचं शिक्षण, त्यातून इतक्या वर्षांत मराठी लिहायची सवय गेलेली. एकेका ओळीला वेळ लागतो. पण वेळ आता आहे.

मुंबईहून बोटीने पाच दिवस लागले. दुबईला तेव्हा बोटीला लागायला धक्का नव्हता. बोट समुद्रातच थांबली आणि माणसं लाँचमध्ये उतरू लागली. लाँच वर यायची, खाली जायची, आणि ती वर आली की त्याच क्षणाला उडी घ्यायची. जैबूला एका अनोळखी खलाशाने माझ्या हातातून घेतलं आणि खाली दुसऱ्याच्या हातात दिलं. तेवढा वेळ ती माझ्याकडेही नव्हती आणि त्याच्याकडेही नव्हती. त्या देशातली माझी पहिली आठवण तीच आहे.

जैबूचे बावा किनाऱ्यावर आले होते. ते अमेरिकन तेल कंपनीच्या बोटीवर खलाशी होते. दोन आठवडे समुद्रात तेलाच्या बुरुजापाशी, एक आठवडा घरी. घर सतव्याला होतं. आज तिथे दुकानं आणि इमारती आहेत, तेव्हा खजुराच्या झावळ्यांची घरं होती, बरस्ती म्हणत. भिंती झावळ्यांच्या, छप्पर झावळ्यांचं, खाली वाळू आणि वाळूवर चटई. वारा आरपार जायचा म्हणून उन्हाळ्यात बरं वाटे. पण मी पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या मागची आळी जळताना पाहिली. एका बाईने चहा ठेवला होता म्हणे. पहिल्या घराला आग लागली आणि विहिरीवरून पहिली बादली येईपर्यंत शेवटचं घर पेटलं होतं. आवाज कसा होता सांगू? होळीचा नव्हे. कोणी मोठा कागद चुरगाळत असावं तसा. त्यानंतर मी चूल विझवली तरी तिच्यावर पाणी ओतायची, आणि पाणी ओतलं तरी हात लावून बघायची.

शेजारी मुरुडच्या खातूनबी होत्या. वयाने आमाएवढ्या, तोंडाने फटकळ. माझी लाज बघून म्हणायच्या, "तुला देवाने जीभ दिली का भाड्याने दिली गो? वापरत नायस ती?" मी हसायची. मला बाजारात अरबी दुकानदारासमोर उभं राहिलं की घाम फुटायचा. खातूनबी पुढे होऊन "यल्ला हबीबी, किती?" करत भाव पाडायच्या आणि मी त्यांच्या मागे पिशवी धरून उभी.

घरात दोन पैसे यावेत म्हणून जैबूच्या बावांनीच मला इस्त्रीचं काम आणून दिलं. त्यांचा साहेब, बोटी कुठे नि कधी जायच्या ते ठरवणारा, जुमेराला समुद्रावरच्या बंगल्यात राहायचा. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. माझ्या नवऱ्याचा इथे राहायचा कागद त्याच्या सहीने होत असे. म्हणजे आमचं तिघांचं इथलं असणं त्या एका सहीवर होतं, आणि हे मी शर्टाची घडी घालताना एकदाही विसरत नसे. मेमसाहेबाकडे विजेची इस्त्री होती. तिने मला खुणेने सांगितलं होतं, इथेच बसून कर. पण परक्या पुरुषाच्या घरात बसून काम करायला मी तयार झाले नाही. कपडे मी घरी आणायची, माझ्या कोळशाच्या इस्त्रीने करायची, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मिंगेलच्या हातात द्यायची. मिंगेल हा त्यांचा गोव्याचा कुक. त्याची कोकणी मला समजे, माझी बोली त्याला समजे. साहेबाशी बोलायची वेळ माझ्यावर दीड वर्षात आली नव्हती.

तो शुक्रवार होता. जैबू तीन वर्षांची झाली होती. तिला सकाळपासून कणकण होती. खातूनबी भाचीच्या बाळाचं जावळ काढायच्या अकीक्याला खोराची खाडी ओलांडून देऱ्याला गेलेल्या. जैबूचे बावा समुद्रात. साहेबाचे सहा शर्ट संध्याकाळच्या आत द्यायचे होते.

कोळसा नवा होता, इस्त्री फार तापली. पाचव्या शर्टावर माझा हात थांबला असेल एक क्षण, बाहीवर पिवळा डाग पडला. मी तो पाण्याने चोळला, गेला नाही. मग मी ती बाही आत दुमडली आणि शर्ट गठ्ठ्याच्या मधोमध घातला. खोटं काम केलं. जैबू झोपली होती, अंग थोडं गरम. मी शर्ट पांढऱ्या चादरीत बांधले, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली चादरीच्या टोकाला गाठीत बांधली, आणि निघाले. तासाभरात परत येणार होते.

मिंगेल नव्हता. शुक्रवारी त्याची सुट्टी असते हे मी विसरले होते. दार मेमसाहेबाने उघडलं आणि ती हसून "कम, कम" म्हणत आत चालू लागली. मी चपला दाराशी काढल्या आणि मान खाली घालून तिच्या मागे गेले. मधे मोठा दिवाणखाना होता. एसी चालू होता, अंगावर एकदम गार आलं. साहेब आणि दुसरा एक गोरा पाहुणा एका पेटीसमोर बसले होते. पेटीवर दोन चाकं सावकाश फिरत होती आणि आतून एक माणूस भराभर बोलत होता. मला वाटलं रेडिओचाच एखादा नवा प्रकार.

मी गालिच्यावर पाय ठेवला आणि त्याच क्षणी पेटीतून हजारो माणसं ओरडली. साहेब खुर्चीतून उडाला. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, पंजा पुढे करून थांब अशी खूण केली, मग बोट माझ्या पायांकडे केलं. तिथेच.

मी थांबले.

मेमसाहेब हसली, काहीतरी म्हणाली, माझ्या हातातला गठ्ठा घेतला आणि आतल्या खोलीत निघून गेली. माझी किल्ली त्या गठ्ठ्याबरोबर गेली.

मी पहिला विचार केला तो डागाचा. सापडले. आता ती आत शर्ट उलगडणार. पण गठ्ठा उघडायच्या आधीच साहेबाने मला कसं थांबवलं? माझ्या तोंडावर लिहिलं होतं का? मी हळूच एक पाऊल मागे घेतलं. साहेब ओरडला, "नो, नो, नो!" आणि दोन्ही हातांनी मला पुन्हा पुढे यायला लावलं, अगदी त्याच जागी. मग पाहुणा उठला. तो मला दाराकडे जा जा अशी खूण करू लागला. साहेबाने त्याचा हात धरला. दोघांची बाचाबाची झाली, मोठ्या आवाजात, मधे मधे हसू. एक म्हणतो थांब, एक म्हणतो जा, आणि दोन परके पुरुष माझ्याकडे बोट दाखवतायत. मी पदर कपाळावर ओढला. जमीन फाटली असती तर बरं वाटलं असतं.

साहेबाने खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली. बस म्हणाला. मी बसले नाही. नवऱ्याच्या साहेबापुढे खुर्चीत कशी बसणार? आता वाटतं, बसले असते तर त्याच्या लक्षात आलं असतं की ही बाई सुखात नाही. उभी राहिले, म्हणून त्याला वाटलं असेल हिला घाई नाही. आपण अदब म्हणून जे करतो ते त्यांना कसं दिसतं हे मला कोण सांगणार होतं?

पेटीतला माणूस बोलत होता. मधेच त्याचा आवाज खाली जायचा, अगदी गावातल्या वाळवणापाशी बसून कोणी गोष्ट सांगावी तसा. मग एक खट् आवाज, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा, आणि मग ते हजारो लोक. लोक ओरडले की कधी साहेब मांडीवर थाप मारी, कधी पाहुणा. साहेब खूश झाला की माझ्याकडे बघून अंगठा वर करी. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आमच्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे काही मिळणार नाही. मी समजले, नोकरी गेली.

आणि तेव्हा मला इस्त्री आठवली.

मी कोळसे काढले होते का? मी मनात घरी गेले. पाचवा शर्ट, डाग, पाणी, चोळणं. सहावा शर्ट. इस्त्री पत्र्यावर ठेवली. मग काय केलं? चादर पसरली. जैबूच्या कपाळाला हात लावला. कुलूप. पाणी ओतल्याचा तो चुर्र आवाज मला आठवेना. रोजचे चुर्र आवाज आठवत होते, कालचा, परवाचा, आजचा नाही. मग वाटलं ओतलं असेल. हात आपोआप ओततो. मग वाटलं डागाच्या भीतीत हात विसरला. पत्र्यापासून चटई किती लांब होती? एक वीत? चटईपासून भिंत? आणि जैबू भिंतीला लागून झोपते, वारा येतो म्हणून.

मी डोळे मिटून पुन्हा सुरुवात केली. पाचवा शर्ट, डाग, पाणी.

पेटीवरचं डावं चाक बारीक होत होतं, उजवं जाड होत होतं. काळी पट्टी एकावरून दुसऱ्यावर जात होती. मी ठरवलं, डावं संपलं की हे संपेल. तोवर सांगतील तसं करायचं. आमा बोलली होती. पट्टी बोटभर राहिली. मग धाग्याएवढी. मग शेवटचं टोक सुटलं आणि फडफडलं. मी पाय उचलला. साहेब घाईघाईने "प्लीज, प्लीज" म्हणाला आणि त्याने खोक्यातून दुसरं चाक काढून चढवलं. भरलेलं.

माझ्या तोंडातून आवाज निघेना. तुला खोटं वाटेल. पोरीसाठी आई काय काय करते म्हणतात, आणि मी तिथे उभी होते, गार हवेत, पाठीवरून घाम गळत होता, आणि मला फक्त तोंड उघडायचं होतं. बोलणार कुठल्या भाषेत? आणि साहेब रागावला तर? सही नाही केली तर? परत जायचं, दाभोळच्या धक्क्यावर उतरायचं, लोकांना काय सांगायचं? असे विचार माझ्या डोक्यात आले. पोर कोंडलेली असताना आले. ते मी लपवत नाही.

पुन्हा खट् झालं. लोक ओरडले, पण ह्या वेळी थांबेनातच. पाहुणा दोन्ही हात वर करून उडाला आणि त्याच्या बोटांतली सिगारेट गालिच्यावर पडली. त्याने ती लगेच बुटाने चिरडली. उचलली तेव्हा गालिच्यावर काळा ठिपका होता, चण्याएवढा, आणि त्यातून धुराची एक रेघ वर येत होती.

मी ओरडले. "माजी पोर घरात हाय! एकली हाय! इस्त्री पेटती हाय!"

आपल्या बोलीत. त्या घरातल्या कोणाला एक अक्षर कळणार नव्हतं. माझा एवढा मोठा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकला. साहेबाचा अंगठा तसाच हवेत राहिला. मी पळाले.

चपला राहिल्या. वाळू तापलेली होती, पण ते मला रात्री कळलं, पाय धुताना. मागून गाडीचा आवाज आला. मला वाटलं धरायला येतायत. डाग सापडला. मी रस्ता सोडून काटेरी झुडपांतून शिरले. गाडी वाळूतून माझ्या बाजूबाजूने येत राहिली आणि साहेब बाहेर डोकं काढून काहीतरी ओरडत होता. जितका तो ओरडे तितकी मी जोराने पळे.

आळीच्या टोकाला आले तेव्हा धूर दिसला नाही. पण वास होता. तो वास मला अजून कधी कधी येतो, इथे, नवव्या मजल्यावर, काही जळत नसताना.

झावळ्यांच्या फटीतून जैबूची बोटं बाहेर आली होती. ती रडून रडून घोगरी झाली होती. मी कुलूप धरलं आणि मग समजलं की किल्ली नाही. मी कुलूप ओढू लागले. साहेब गाडीतून उतरून धावत आला. त्याने माझं तोंड पाहिलं, कुलूप पाहिलं, ती बोटं पाहिली. त्याला सांगायला काही लागलं नाही. त्याने आणि पाहुण्याने भिंतीला हात घातला. झावळ्यांच्या काड्या हातात घुसतात, दोघांचे हात रक्ताळले, पण त्यांनी माणूस जाईल एवढं भोक पाडलं. मगाशी माझ्यावरून भांडणारे तेच दोघे. मी आत शिरले आणि जैबूला उचललं.

इस्त्री पत्र्यावर होती. मी पाणी ओतलं नव्हतं. आत निखारे लाल होते. एक उडाला असेल किंवा पत्रा तापून असेल, चटईची कड चार बोटं काळी झाली होती आणि काळ्याच्या पुढे एक लाल रेघ सरकत होती, मुंगीच्या चालीने, भिंतीकडे. पाहुण्याने हंड्यातलं पाणी त्यावर उपडं केलं. साहेबाने इस्त्री मुठीला धरून बाहेर नेली आणि हातांनी वाळू उकरून पुरली. मग तो तिथेच वाळूत बसला. गोरा माणूस, पण त्याचा चेहरा आणखी पांढरा पडला होता.

मेमसाहेब शेवटी गाडीतून उतरली. तिच्या हातात माझी चादर होती, माझ्या चपला होत्या. मी चादरीच्या टोकाची गाठ सोडली, किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. भिंत फाडलेल्या घराचं कुलूप. का उघडलं, कोण जाणे. पाहुण्याला हसू आलं, पण मग तो तोंड फिरवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मिंगेल आला. त्याने मला सगळा उलगडा केला. "अगो, तो बेसबॉल. आमच्या विटीदांडूचो मोठो भाऊ. दांडूने मारायचं, पळायचं, तीन ठिकाणी पाय लावून परत पहिल्या जागेवर यायचं."

"परतच यायचं तर निघायचंच कशाला?" मी विचारलं.

"ते तू मला विचारतेस? मी आठ वर्षां हांगा भाकऱ्या भाजतां."

साहेबाच्या गावाचा संघ आणि पाहुण्याच्या गावाचा संघ. वाडवडिलांपासूनचं वैर. आणि त्या लोकांची अशी समजूत की आपला संघ चांगला खेळू लागला की घरात जो जिथे आहे त्याने तिथून हलायचं नाही, हलला की पारडं फिरतं. मी गालिच्यावर पाय ठेवायला आणि साहेबाच्या संघाने फटका मारायला एकच गाठ पडली. म्हणून मी शकुनाची.

"म्हणजे मी हलले म्हणून साहेबाचा संघ हरला?"

मिंगेल डोक्याला हात लावून हसला. "खुळी काय गो तू? तो रेडिओ न्हय. टेप. साहेबाच्या भावाने तिकडून भरून पोस्टाने धाडलेली. तीन आठवड्यांमागचो खेळ. साहेबाची टीम हरली ती केन्नाच हरली. तू उभी राहा नाही तर नाच."

मी हसले नाही. मला त्या दिवशी इस्त्रीची वाटली त्याहून वेगळी भीती वाटली. जे होऊन गेलंय ते आपण हललो नाही तर होणार नाही, असं समजून एवढा शहाणा, शिकलेला साहेब बसला होता. मग मी? आमाचं पत्र मला तीन आठवड्यांनी मिळायचं. पत्रातली आमा बरी असायची. पण ती तीन आठवड्यांपूर्वीची आमा. आजची कशी आहे ते मला कोण सांगणार? त्या दिवसापासून पोस्टाचा माणूस दिसला की माझे पाय जड व्हायचे. पत्र उघडेपर्यंत मी त्याच जागी उभी राहायची, हललं नाही तर आत काही वाईट निघणार नाही अशी. आपले बावा गेल्याचं पत्र मी तसंच उभ्याने वाचलं. ते जाऊन बावीस दिवस झाले होते. त्या बावीस दिवसांत मी खातूनबींच्या गमतींवर हसले होते, गोड खाल्लं होतं.

त्या शुक्रवारनंतर काही दिवसांनी जैबूचे बावा समुद्रावरून आले. साहेबाने त्यांना किनाऱ्यावरच गाठून सगळं स्वतः सांगितलं, आपली चूक म्हणून. ते घरी आले, नव्या झावळ्या पाहिल्या, चटईची जळकी कड पाहिली, खाली बसले.

"तू बोललीस का नाय?" एवढंच.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. सही झाली, नोकरी राहिली. मी त्या घरी जाऊन विजेच्या इस्त्रीने काम करू लागले, जैबूला शेजारी बसवून. साहेब मात्र आठ-दहा आठवडे माझ्याकडे बघेना. मी त्याला राग समजत होते. मग जैबूच्या बावांनी सांगितलं, तो डागाचा शर्ट साहेब मुद्दाम घालतो, बाही दुमडून, डाग वर करून.

पुढचं तुला ठाऊक आहे. साहेब दोन वर्षांनी आपल्या मुलखात गेला. बरस्ती गेल्या, आम्ही आधी देऱ्याला, मग शारजाला अल मजाजमध्ये आलो. जैबूचे बावा गेले. जैबू कुवेतला आहे, स्वतः नानी झाली. मी जैबूच्या पाठी झालेल्या मुलाकडे असते. तो सकाळी सहाला कंपनीच्या गाडीने अबुधाबीच्या मुसफ्फाला जातो, अंधार पडल्यावर येतो. खाली खालिद खाडीचं पाणी दिसतं, गॅस नाही, चूल नाही, काचेची शेगडी आहे जी आपोआप बंद होते. तरी मी तिला हात लावून बघते. नातू म्हणतो, "दादी, रिलॅक्स, इट्स ऑफ." मी म्हणते, "खलास, बघितलं," आणि त्याची पाठ वळली की पुन्हा बघते.

गेल्या वर्षी तुझ्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "खाला, काळजी करू नको, अम्मी आता बरी आहे."

आता बरी आहे म्हणजे आधी काय झालं होतं? मी विचारलं. मग कळलं, तू विहिरीच्या पायरीवरून पडलीस, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. बारा दिवस झाले होते. फोन आहेत, फोनवर तोंड दिसतं, तरी बारा दिवस. मला त्रास नको म्हणून सांगितलं नाही म्हणे.

फोन ठेवला तेव्हा मी खिडकीजवळ होते. पाय जड झाले, त्या जुन्या सवयीने. मुलगा म्हणाला, "अम्मी, जूनमध्ये लीव्ह आहे, तेव्हा मिळून जाऊ इन्शाल्ला. आता जाऊन काय करणार? सगळं झालंय." नातू म्हणाला, "शी इज फाइन, दादी." दोघंही खरं बोलत होते. मी ऐकून घेतलं. मग आत जाऊन बॅग काढली. परवानगी मागितली नाही, सकाळच्या विमानाचं बघ एवढं सांगितलं. मोठ्याने सांगितलं. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

मला इथे लोक विचारतात, घर कुठलं? पूर्वी मी दाभोळ सांगायची, मधे बरीच वर्षं सतवा. आता मला जागेचं नाव पटकन येत नाही. जिथलं माणूस अडचणीत आहे कळल्यावर मी कोणाला न विचारता दाराबाहेर पडते, ते माझं घर. अशी घरं मला तीन-चार आहेत. एक कुवेतला आहे. एक तुझ्या खाटेपाशी होतं.

मी आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. वळलीस आणि बघून चिडलीस. "सगळा झाल्यावर आलंस! आता काय करतंस हय?"

"काय नाय," मी बोलले, आणि खुर्ची तुझ्या खाटेला लावली. "बसतंय."